स्पीड टेस्ट छान येते तरी नेट रखडतं? दोष रस्त्याच्या कुठल्या तुकड्यात आहे ते घरच्या घरी शोधा

इंदूरला आमच्या सुदामा नगरात आता बऱ्याच घरांत कुणी ना कुणी घरून काम करतंय, कुणाचे क्लास ऑनलाइन, कुणाचा मुलगा पुण्याला तर नातू अमेरिकेत, आणि नेट स्लो झालं की फोन मला येतो कारण मी बरीच वर्षं नेटवर्क सपोर्टचंच काम करतेय. फोनवरचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं, "नेट फार स्लो आहे गं, पण स्पीड टेस्ट तर चांगली येतेय." या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. का असू शकतात हे एकदा कळलं की पुढचं शोधकाम सोपं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय, आणि ज्यांनी आजवर एकही कमांड टाइप केलेली नाही त्यांच्यासाठीच लिहितेय.

तुमच्या लॅपटॉपपासून पलीकडच्या कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता तुकड्यातुकड्यांचा असतो. लॅपटॉप ते राउटर हा पहिला तुकडा, तो वायफायचा किंवा केबलचा. मग राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत, ज्याला ओएनटी म्हणतात, बऱ्याच घरांत हे दोन्ही एकाच डब्यात असतात. तिथून फायबरने कंपनीच्या ऑफिसपर्यंत, पुढे कंपनीचं मोठं जाळं, मग मुंबई-दिल्ली, आणि गरज असेल तर समुद्राखालून बाहेर. यातला एक तुकडा खराब असला की सगळा रस्ता खराब वाटतो, आणि आपलं काम म्हणजे एकेक तुकडा वेगळा काढून तपासणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की मोजायची, मोजली की लिहायची. लोक नेमकं हेच करत नाहीत, राउटर रिस्टार्ट करतात, केबल बदलतात, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यातला पत्ता शोधून देणारी सेवा) बदलतात, सगळं एका दमात, आणि मग नेट सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

आधी वही घ्या

"नेट स्लो" एवढ्यावरून काही करता येत नाही. काय स्लो आहे ते लिहा, व्हिडिओ अडकतो की कॉलवर आवाज तुटतो की वेबसाइट उघडायलाच वेळ लागतो आणि एकदा उघडली की भराभर चालते? एकाच मोबाइलवर की सगळ्या घरात? दिवसभर की रात्री नऊ ते अकरा? पावसात जास्त होतं का? एकाच साइटला होतं का? ही उत्तरं लिहिता लिहिता निम्मा तपास होऊन जातो. फक्त रात्री होत असेल तर घरातली केबल खराब असण्याची शक्यता कमी, कारण केबलला रात्र-दिवस कळत नाही, तेव्हा एकतर घरातलेच सगळे एकदम नेटवर बसलेत, नाहीतर शेजाऱ्यांचे वायफाय गजबजलेत, नाहीतर कंपनीच्या बाजूला गर्दी आहे.

आकड्यांचा एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि फाइल उतरते १२ एमबीने, म्हणजे कंपनीने फसवलं, असं खूप जणांना वाटतं. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये दिसते, ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणजे १०० ला ८ ने भागा, १२.५ येतात. नेटवर सगळं छोट्या छोट्या पाकिटांत पत्ता घालून जातं, त्यातले थोडे त्या पत्ता-पाकिटाच्या खर्चात जातात, त्यामुळे साडेअकरा-बारा दिसले तर तुमचं नेट एकदम ठणठणीत आहे.

आणखी एक बघून घ्या, आत्ता कोण काय खेचतंय. विंडोजचं अपडेट चालू असतं, कुणाच्या फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात, टीव्हीवर कुणीतरी फोरके लावून झोपून गेलेलं असतं. सगळी उपकरणं बंद करून एकच चालू ठेवून बघा. सगळ्यात स्वस्त चाचणी हीच आहे.

वायफाय बाजूला काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात. लॅपटॉपला केबल लावा, राउटरच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टमध्ये थेट, आणि फोन-लॅपटॉप सगळ्यांचं वायफाय थोडा वेळ बंद. केबलवर नेट छान आणि वायफायवर रखडतंय, तर दोष घरातच आहे आणि कंपनीला फोन करून उपयोग नाही. केबलवरही तसंच, तर वायफायला उगाच दोष देऊ नका, पुढे चला.

रामबागेत आमच्या नात्यातले एक अण्णा राहतात, घर जुनं, भिंती दीड-दीड फुटाच्या, दगड-चुन्याच्या. राउटर दारापाशी, कारण फायबर तिथून आत आली आणि लाइनवाल्या भैयाने तिथेच खिळा ठोकला, आणि अण्णा बसतात मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. नातवाशी व्हिडिओ कॉल लावला की तोंड हलतं आणि आवाज नंतर येतो. मी फोनवर सिग्नल बघितला तर दारापाशी उणे ४५ डीबीएम आणि अण्णांच्या खुर्चीवर उणे ८२. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६५-६७ पर्यंत कॉल व्यवस्थित चालतात, उणे ८० च्या खाली गेलात की काही खरं नाही. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकट ॲप मिळतात त्यात हा दिसतो.

वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी जातो पण त्यात जागा कमी, एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. दाटीच्या वस्तीत वीस-वीस राउटर या तीन चॅनलवर भांडत असतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात, म्हणून ठरावीक वेळी, म्हणजे कुणी जेवण गरम करायला लागलं की कॉल तुटतो असं होत असेल तर ते खरंच मायक्रोवेव्हमुळे असू शकतं. ५ मध्ये जागा भरपूर आणि वेग जास्त, पण जाड भिंत लागली की गेला. आणि वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं, त्यामुळे लांब बसलेला एक मंद फोनसुद्धा सगळ्यांचा वेळ खातो, हे फार लोकांना माहीत नसतं.

अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, मोठा प्लॅन घेऊ नका, पैसे वाया जातील, मागच्या खोलीपर्यंत एक केबल ओढून घ्या आणि तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायने वाटणारा डबा, लावा." ते म्हणाले, "अगं पण दुकानदार म्हणतो बूस्टर घे, प्लग केला की झालं." बूस्टर म्हणजे रिपीटर तोच कमजोर सिग्नल ऐकून पुन्हा ओरडतो, आणि साध्या रिपीटरमध्ये ऐकणं नि ओरडणं एकाच रेडिओवर असल्याने वेग साधारण अर्धा होतो. जिथे केबल नेता येते तिथे केबलच न्यावी, याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे.

केबलचं पण ऐका

तर अण्णांकडे केबल ओढली गेली, ॲक्सेस पॉइंट लागला, कॉल सुधारले, आणि मग त्यांचा मुलगा आल्यावर त्याने मला फोन केला की प्लॅन २०० चा आहे आणि केबल लावून पण टेस्टमध्ये ९४ च्या वर जातच नाही, सकाळी ९४, रात्री ९४. हा ९४-९५ आकडा लक्षात ठेवा. तो दिसला की डोक्यात लगेच यायला हवं की कुठेतरी १०० वरच लिंक, म्हणजे दोन यंत्रांमधली जोडणी, लागलीये. गर्दीने आलेला कमीपणा वर-खाली होतो, कधी ६०, कधी १३०. एकाच आकड्यावर भिंत लागल्यासारखं थांबतंय म्हणजे ते कशाचंतरी माप आहे.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी नीट लागली नाही तरी दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून १०० वर उतरतात आणि तुम्हाला काही सांगत नाहीत. मी रामबागेत जाऊन प्लग हातात घेतला, तो पारदर्शक आरजे ४५ चा, उजेडात धरला, आणि आठ तारांपैकी तपकिरी तार इतरांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे थांबलेली दिसली, सोनेरी पात्यापर्यंत पोचलीच नव्हती, केबल घालणाऱ्याने घाईत क्रिंप केलेलं, म्हणजे पकडीने दाबून बसवलेलं. प्लग कापला, आठही तारा पुन्हा सरळ रांगेत लावून एकसारख्या छाटल्या, नवा प्लग क्रिंप केला, आणि लॅपटॉपवर लिंक १००० वर गेली. प्लग जेल रोडला सुटे मिळतात, क्रिंपिंगचं पकड पण मिळतं, पण एकाच प्लगसाठी पकड विकत घ्यायची गरज नाही, तयार केबल आणा.

तुमची लिंक कितीवर लागलीये हे बघायला विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. १००/१०० दिसलं आणि प्लॅन त्यापेक्षा मोठा, तर केबल बदला, पोर्ट बदला, आणि राउटरचे पोर्ट मुळात गिगाबिटचे आहेत का ते डब्याखालच्या मॉडेल नंबरवरून बघा, स्वस्त राउटरवर वायफाय बाराशेचं लिहितात आणि मागचे पोर्ट १०० चेच असतात.

पिंग, पण तीन ठिकाणी

पिंग म्हणजे एक छोटं पाकीट पाठवायचं आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ च्या डिसेंबरमध्ये हा प्रोग्राम लिहिला, पाणबुड्या शोधायच्या सोनारच्या आवाजावरून नाव पडलं, आणि आजही नेटवर्कवाला माणूस पहिला हात त्यालाच घालतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी (cmd) टाइप करून एंटर, काळी खिडकी उघडते. कमांड आणि आकडे सगळे इंग्रजी कीबोर्डनेच टाकायचे. आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, त्यात डीफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा येतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो तुमचा राउटर. आता पिंग (ping), स्पेस, तो आकडा. हे पहिलं ठिकाण. केबलवर इथे १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी यायला हवं, वायफायवर २ ते १० च्या आत ठीक, मधूनच १५०-२०० ची उडी मारत असेल तर वायफाय खराब.

दुसरं ठिकाण म्हणजे कंपनीचं पहिलं यंत्र, त्याचा पत्ता ट्रेसर्ट कमांडने मिळतो, ट्रेसर्ट (tracert), स्पेस, ८.८.८.८ टाइप करा, ओळी येतात, पहिली ओळ राउटर, साधारण दुसरी ओळ कंपनीचं यंत्र. तिसरं ठिकाण बाहेरचं, ८.८.८.८ म्हणजे गूगलचा डीएनएस किंवा १.१.१.१ म्हणजे क्लाउडफ्लेअरचा.

आता तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. राउटरला ठीक, कंपनीच्या यंत्राला खराब, तर दोष मधल्या तुकड्यात, म्हणजे ओएनटी, फायबर किंवा कंपनीचं जवळचं सामान. पहिली दोन ठिकाणं ठीक आणि तिसरं खराब, तर दोष पुढे. राउटरलाच खराब, तर बाकीचं बघूच नका, आधी ते दुरुस्त करा.

ट्रेसर्ट वाचताना नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. मधल्याच एका ओळीवर तीन चांदण्या दिसतात किंवा ३०० मिलिसेकंद दिसतात आणि लोक ओरडतात की सापडला दोष. मोठे राउटर त्यांना थेट विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हे सगळ्यात शेवटचं काम समजतात, काहींनी तर उत्तर देणंच बंद केलेलं असतं, पण तुमची पाकिटं पुढे मात्र झटपट जाऊ देतात. त्यामुळे मधली ओळ खराब आणि शेवटची छान, तर काही बिघडलेलं नाही. एका ओळीपासून पुढे शेवटपर्यंत सगळ्याच ओळी खराब झाल्या तरच त्या जागी संशय घ्यायचा.

किती मिलिसेकंद म्हणजे ठीक, हे अंतरावर आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद. इंदूर ते मुंबई रस्त्याने ६०० च्या आत-बाहेर, तेव्हा सहा-सात मिलिसेकंद तर निसर्गालाच द्यायचे, वर मधल्या यंत्रांचे थोडे, १५-२० आले तर छान. अमेरिकेला २०० च्या वर लागणारच, तिथे १० मागायला कुणाशी भांडून उपयोग नाही.

भरलेल्या रस्त्यावर पिंग

एवढं करूनही सगळं छान आलं आणि तरी कॉल तुटतायत, तर ही चाचणी करा. एका खिडकीत पिंग चालू ठेवा, ८.८.८.८ पुढे स्पेस देऊन डॅश टी (-t) लिहिलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं, थांबवायला कंट्रोल आणि सी. आता दुसरीकडून एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवा आणि पिंगच्या आकड्यांकडे बघत राहा. १८, १९, १८ असं चाललेलं असतं, आणि फाइल सुरू झाली की १२०, ३४०, ६१०. फाइल थांबवली की परत १८.

यात काही हरवत नाहीये, पाकिटं राउटरच्या पोटात रांगेत उभी आहेत. राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त म्हणून मोठमोठ्या रांगा ठेवल्या, आणि तुमच्या बोलण्याचं छोटं पाकीट फोटोंच्या ट्रकांमागे ताटकळतं. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या कनेक्शनवर हे पाहून त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. उपाय असा, राउटरमध्ये क्यूओएस (QoS) किंवा एसक्यूएम (SQM) नावाची, रांगेला शिस्त लावणारी सोय असेल तर चालू करायची आणि तिथे वेग तुमच्या खऱ्या वेगाच्या ९० टक्के लिहायचा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. अशी सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोनला लावून ठेवा. ज्या घरात सगळे एकदम "नेट मेलं" म्हणतात आणि पाच मिनिटांनी आपोआप जिवंत होतं, तिथे मी पहिला संशय यावरच घेते.

डीएनएसबद्दल थोडक्यात. साइट उघडायला चार-पाच सेकंद काहीच होत नाही आणि मग सगळं झपाझप येतं, तर नाव शोधण्यात वेळ जातोय. राउटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. पण डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढतो असं जे सांगतात त्यात सहसा तथ्य नसतं.

जवळची टेस्ट खोटं का सांगते

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. माझा भाचा विजय नगरला राहतो, अमेरिकेतल्या ऑफिसचं काम घरून करतो. त्याचा फोन आला, "मावशी, स्पीड टेस्ट १९० दाखवतेय गं, पण ऑफिसच्या सर्व्हरवरून फाइल आणायला गेलो की २ एमबीपीएसच्या वर जात नाही, ऑफिसवाले म्हणतात तुझं नेट खराब, इथले म्हणतात ऑफिसचं खराब." दोन्हीकडचे कस्टमर केअर आपापल्या जागी खरं बोलतायत असं त्यांना वाटत होतं, आणि पोरगं दोन आठवडे मध्ये भरडलं जात होतं.

त्याची टेस्ट इंदूरच्याच सर्व्हरवर होत होती, जायला-यायला ८ मिलिसेकंद. ऑफिसचा सर्व्हर २३० मिलिसेकंदावर. टीसीपी, म्हणजे ज्या पद्धतीने बहुतेक फाइली येतात-जातात, ती एक पाकीट हरवलं की घाबरून वेग कमी करते आणि मग हळूहळू वाढवत नेते. वाढवायचं एकेक पाऊल एका फेरीला, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर परत येण्याला, एकच. फेरी ८ मिलिसेकंदाची असेल तर पडून उठायला क्षणही लागत नाही, तुम्हाला कळतही नाही. फेरी २३० ची असेल तर उठता उठताच पुढचं पाकीट हरवतं आणि बिचारी परत खाली. पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरचे मॅट मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचा हिशोब मांडला, वेग फेरीच्या वेळेच्या उलट प्रमाणात आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात. हजारात एक पाकीट हरवतंय असं धरा, ८ मिलिसेकंदावर एका कनेक्शनला साधारण ५५ एमबीपीएस मिळतात, आणि तेच, अगदी तेच नुकसान असताना २३० मिलिसेकंदावर मिळतात जेमतेम २. शिवाय स्पीड टेस्टवाले बहुतेक एकदम अनेक कनेक्शनं उघडतात, ५५ ची चार झाली की २०० चा प्लॅन भरला, टेस्ट हिरवी. आता टीसीपीच्या नव्या पद्धती आल्यात, त्या इतक्या घाबरत नाहीत आणि आकडे याच्यापेक्षा बरे येतात, पण दिशा तीच राहते, दोष जवळ दिसत नाही, लांब गेल्यावर मोठा होऊन दिसतो.

म्हणून टेस्ट करताना सर्व्हर बदला. आधी इंदूर, मग मुंबई, मग सिंगापूर, मग अमेरिका, आणि जिथे सोय असेल तिथे सिंगल कनेक्शन निवडा. अंतरासोबत थोडा कमी होणं साहजिक आहे, पण १९०, १५० आणि मग एकदम ९ आणि २ असं कोसळत असेल तर कुठेतरी पाकिटं गळतायत.

आणि हजारात एक गळती चार पिंगांनी सापडणार नाही. विंडोज स्वतःहून फक्त चार पिंग मारतं, चार बघून "लॉस (हरवलेली पाकिटं) शून्य टक्के" म्हणणं म्हणजे तांदळाच्या पोत्यातले चार दाणे बघून खडा नाही म्हणणं. पिंगच्या पुढे डॅश एन ३००० (-n 3000) लिहा, म्हणजे तीन हजार पाकिटं जातात, सेकंदाला एक, पन्नास मिनिटं लागतात, लावून द्या आणि स्वयंपाक करून या. मॅक किंवा लिनक्सवर एनच्या जागी सी (-c). भाच्याला मी हेच करायला सांगितलं, केबल लावून, दोन खिडक्यांत एकदम, एक राउटरला, एक कंपनीच्या पहिल्या यंत्राला. राउटरला तीन हजारातून शून्य गेले, कंपनीच्या यंत्राला चार गेले. चार म्हणजे क्षुल्लक वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं तर पाच, तिसऱ्या दिवशी तीन. आता योगायोग म्हणता येत नव्हता आणि ते यंत्र उत्तर द्यायचा कंटाळा करतंय का म्हणून ८.८.८.८ वर पण लावलं, तिथेही तेवढेच गेले, म्हणजे गळती राउटर आणि त्या यंत्राच्या मध्येच.

मग ओएनटीच्या पानावर गेलो, ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की ते पान उघडतं, त्यात ऑप्टिकल पॉवर नावाची ओळ असते, आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय तो आकडा. घरोघरी येणाऱ्या जीपॉन नावाच्या पद्धतीच्या फायबरला हा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा, आणि उणे २५ च्या पुढे गेला की मी तरी सावध होते. त्याचा होता उणे २८.६. डब्यावर लाल दिवा लागला नव्हता, कनेक्शन चालू होतं, फक्त इतक्या अंधुक प्रकाशात मधूनमधून अक्षरं चुकत होती. फायबर कुठून येतेय ते हाताने चाचपत गेलो तर खिडकीच्या चौकटीपाशी ती पल्ल्याखाली दाबली जात होती, खिडकी लावली की फायबर बोटाएवढ्या घेरात वळायची. काचेची तार तुटत नाही पण इतकी वळली की प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. वळण मोकळं केलं तर लगेच उणे २५ च्या आसपास आला. बाकीचा भार बाहेरच्या जोडावर होता, तो आपल्या हातातला नाही. आणि हो, फायबरचं टोक काढून डोळ्याने कधीच बघू नका, त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

कंपनीला काय लिहायचं

"नेट स्लो आहे, लवकर बघा" या तक्रारीला उत्तर येतं, राउटर रिस्टार्ट करा. भाच्याने जी तक्रार टाकली ती जवळपास अशी होती, हिंदीत लिहिली होती, मी मराठीत देते:

"केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून तीन दिवस रोज ३००० पिंग. राउटरपर्यंत लॉस शून्य. तुमच्या पहिल्या यंत्रापर्यंत ४, ५ आणि ३ पाकिटं हरवली. ओएनटीवर आरएक्स पॉवर उणे २८.६ होती, घरातलं वळण काढल्यावर उणे २५. घरातली केबल आणि वायफाय तपासून झालं आहे. बाहेरचा जोड तपासावा."

सोबत तिन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून वहीत लिहून घ्या, कारण तक्रार केंद्रात काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही दोन पायऱ्यांची सोय ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, यांच्या २०१२ च्या नियमांतच आहे, आणि अपिलात डॉकेट नंबर लागतो. लाइनवाले भैया आले की त्यांच्याशी आकड्यांत बोला, ते रोज पॉवर मीटर घेऊनच फिरतात, उणे २८ म्हटलं की त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. भाच्याकडे आलेल्याने कोपऱ्यावरच्या खांबावरची पेटी उघडली, जोड धुळीने भरलेला होता, तो कापून नवा केला, आणि खाली येऊन म्हणाला, "अब देखो." उणे १९.४.

त्या रात्री पुन्हा तीन हजार पिंग, शून्य गेले. ऑफिसची फाइल ४० च्या वर उतरली. जर गळती शून्य असूनही वेग २ वरच अडकला असता तर मी ऑफिसच्या बाजूला बघायला सांगितलं असतं, कारण जुन्या काही प्रोग्राममध्ये उत्तराची वाट न बघता एका वेळी ६५,५३५ बाइटच पाठवायची मर्यादा असते, आणि २३० मिलिसेकंदाच्या फेरीला तेवढेच बाइट धरले तर हिशोब सव्वादोन एमबीपीएसवर येऊन थांबतो, लाइन कितीही चांगली असली तरी. दोन्ही दोषांचा चेहरा एकसारखा, फरक करते ती फक्त तीन हजारांची पिंग.

नेट छान चालू असताना पण एकदा हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, लिंक स्पीड, आरएक्स पॉवर, तारीख. भाच्याने ते कागदावर लिहून ओएनटीच्या बाजूलाच चिकटवलेत, उणे १९.४ च्या खाली त्याने आता दर महिन्याचा आकडा लिहायला सुरुवात केलीये.